मालविका एकदाच विचारते

आमच्या कार्डिफच्या मंडळात गणपतीचं जेवण असलं आणि मालविका देवपुजारी वाढायला उभी राहिली, की तिच्या रांगेतली माणसं अर्धपोटी उठतात. ती बासुंदीचं पातेलं घेऊन येते, "वाढू?" एवढं एकदाच विचारते, आणि समोरच्याने रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं की खरोखरच पुढच्या पानाकडे जाते. इकडे हा बिचारा वाटीवर हात आडवा धरून बसलेला असतो, आता ही हात बाजूला करेल आणि ओतेल म्हणून. ती ओतत नाही. मग तो हात हळूच काढून घेतो आणि रिकाम्या वाटीकडे बघत राहतो.

यावरून मंडळातल्या बायका तिला नावं ठेवतात. मीनाक्षी तर मागच्या वर्षी माझ्या कानाशी येऊन म्हणाली की ही कसली नागपूरकडची, हिला काही वळण आहे की नाही. मी तिला म्हटलं, तुला बासुंदी हवी होती तर 'हो' म्हणायचंस. मीनाक्षीला राग आला. येऊ दे. मी पंचाहत्तर सालापासून या गावात राहतेय आणि माझ्यावर रागावलेल्यांचं वेगळं मंडळ निघेल एवढी माणसं आता जमली आहेत.

मालविका अशी का झाली ते मला ठाऊक आहे. आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. परवा तिला विचारलं, सांगू का गं, तर म्हणाली, "सांगा काकू, पण माझी बाजू घेऊ नका." मी थोडीशी घेणार आहे. म्हातारीला तेवढी सूट असते.

मालविकाचे वडील शाळामास्तर. नागपूरला महाल भागात राहायचे, आणि सगळ्या नात्यागोत्यात त्यांची कीर्ती होती ती आग्रहाबद्दल. लग्नकार्यात यजमान कुणीही असो, पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरणार देवपुजारी मास्तर. पाहुण्याने ताटावर हात धरला तर ते हातावर वाढत. "तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ" इथपर्यंत जात. माणूस शेवटी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून ती जिलबी खाई, आणि मास्तर समाधानाने पुढच्याकडे वळत. मालविका लहानपणी त्यांच्या मागे मठ्ठ्याचं भांडं घेऊन चाले. पहिल्या 'नको'ला काही अर्थ नसतो आणि दुसरं 'नको' लाजेचं असतं, हे ती तिथे शिकली. तिसऱ्यांदा विचारलं की माणसाच्या मनातलं बाहेर येतं, असं मास्तर म्हणत.

ही शिदोरी घेऊन ती दोन हजार चार साली नवऱ्याबरोबर इथे आली. नवरा अवधूत ब्रिस्टलला बँकेत नोकरीला होता, रोज ट्रेनने जाऊन येऊन करायचा. मालविकाला इथल्याच एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळालं, एका वर्षाच्या करारावर. आमच्याच रस्त्यावर त्यांनी घर भाड्याने घेतलं होतं, म्हणून माझी ओळख. उंच, सावळी, हसली की गालावर खळी पडणारी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. ऑफिसात मात्र तोंडाला कुलूप लावल्यासारखी बसायची, हे मला नंतर कळलं.

पहिल्याच शुक्रवारी काम संपल्यावर सगळी टीम कोपऱ्यावरच्या पबात निघाली आणि तिलाही चल म्हणाली. अवधूतने आधीच बजावलं होतं की बोलावलं तर जायचं, इथे ओळखी तिथेच होतात. ती गेली. फिल म्हणून तिचा मॅनेजर होता, अंगापिंडाने भरलेला, भला माणूस. तो सगळ्यांना काय हवं ते विचारत तिच्यापाशी आला. मालविकाला तहान लागली होती. एखादं सरबत, पाणी, काहीही चाललं असतं. पण पहिल्यांदा विचारल्यावर लगेच मागायचं कसं? ती म्हणाली, नको नको, काहीच नको, मी ठीक आहे. फिल "राइट यू आर" म्हणाला आणि गेला. परत विचारायला आलाच नाही. पोरगी तासभर त्या सिगरेटच्या धुरात कोरड्या घशाने बसली होती. मला सांगताना म्हणाली, "काकू, मला वाटलं हे लोक किती कोरडे आहेत. एकदा विचारतात आणि विषय संपला. आपल्याकडे कुत्र्यालासुद्धा दोनदा बोलावतात."

त्या दिवशी तिची तहान एकाच बाईच्या लक्षात आली. तिचं नाव नेरिस. पन्नाशीची, बुटकी, पांढरे केस कापलेले, आणि हिच्या शेजारच्याच डेस्कवर बसणारी. तिने काही न विचारता उठून एक ऑरेंज ज्यूस आणला आणि हिच्यासमोर ठेवला. स्वतःच्या हातात सोडा होता, त्यात लिंबाची फोड. "आपण दोघी या कोपऱ्यात बसू, लव्ह," ती म्हणाली, "इथे धूर कमी येतो."

पुढे सहा-सात महिने त्या दोघी त्याच कोपऱ्यात बसल्या. नागपूरच्या मुलीने बाटलीतला संत्र्याचा रस प्यावा यासारखा विनोद नाही, पण ती पीत राहिली. नेरिस तिला टीममधल्या माणसांची अंडीपिल्ली सांगायची, वेल्श शिव्या शिकवायची, आणि हिच्या डब्यातली वांग्याची भाजी सोमवारी अर्धी हक्काने खायची. ट्रेनने जवळच असलेल्या कायरफिली गावात तिचं घर होतं, मुलगी होती, नवरा केव्हाच सोडून गेलेला. नेरिस दारू का पीत नाही हे मालविकाने विचारलं नाही. आपल्यात बायका पीत नाहीत याचं कारण कुणी विचारतं का? तिला ते अगदी घरच्यासारखं वाटलं. शनिवारी चहाला माझ्याकडे यायची तेव्हा तिच्या बोलण्यात सारखी नेरिस असे. मला तर थोडा मत्सरच वाटायचा.

मग एका शुक्रवारी अवधूत लवकर सुटला आणि परस्पर त्या पबात आला. अवधूत बिअर पिणारा. त्याने पाइंट घेतला, फिलला रग्बीतलं काहीतरी अर्धवट विचारलं, दुसरा पाइंट घेतला, आणि तासाभरात सगळं टेबल त्याच्या भोवती. जाताना फिल हिला म्हणाला की तुझा नवरा फारच छान माणूस आहे, त्याला नेहमी आणत जा. मालविका घरी येऊन रडली. कामात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण कोणतं काम कुणाकडे जाणार, कुणाचा करार वाढणार, याच्या गप्पा त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत, आणि तिथपर्यंत तिचा ज्यूसचा ग्लास पोचत नव्हता असं तिने मनाशी धरलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिने स्वतःच फिलला सांगितलं की मला व्हाइट वाइन. चव तिला आंबलेल्या काढ्यासारखी लागली. पण ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, आणि खरं सांगायचं तर तिला मजा आली. बोलता यायला लागलं. तिच्या विनोदांना लोक हसायला लागले. नेरिसने लांबून ग्लास उंचावला आणि "गुड फॉर यू, लव्ह" म्हणाली.

आता मालविकाला तिचं मन खाऊ लागलं, पण ते भलत्याच गोष्टीवरून. आमच्या रस्त्याला लागली की वेलदोडा चावायची, केसांचा धुराचा वास जावा म्हणून रात्री डोकं धुवायची, आणि रविवारी आईचा फोन आला की शुक्रवारी आम्ही सगळे मिळून जेवायला जातो म्हणून सांगायची. शुक्रवारी वाइन आणि शनिवारी उपास, असा तिचा आठवडा झाला. माझ्याकडे येऊन साबुदाण्याची खिचडी इतक्या भक्तिभावाने खायची की मी विचारलं, हे शनिमहाराजांचं काय काढलंस? तेव्हा तिने सांगितलं. मला हसू आलं. मी म्हटलं, अगं, एक ग्लास वाइन प्यायलीस, खून नाही केलास. ती म्हणाली, "आईशी खोटं बोलते ना काकू. जीव खालीवर होतो." मी तिची समजूत घातली आणि ताक दिलं. ज्याच्याबद्दल जीव खालीवर व्हायला हवा होता ते तेव्हा आम्हा दोघींच्या स्वप्नातही नव्हतं.

तिकडे कोपऱ्यात नेरिस एकटी बसायला लागली. पूर्वी शेवटपर्यंत थांबायची, आता सोडा संपला की कोट चढवायची. मालविकाच्या ते लक्षात आलं आणि तिला वाईट वाटलं. मनाने चांगलीच मुलगी ती. तिने विचार केला की मी तिथे बसत होते तेव्हा मलाही कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मनातून किती वाटत होतं, कुणीतरी हाताला धरून ओढावं. नेरिसलाही तसंच वाटत असणार. हे कोरडे लोक तिला विचारत नाहीत आणि ती लाजेने मागत नाही. आपण विचारायचं.

मे महिन्यात तिचा करार संपला आणि कंपनीने तिला कायम केलं. त्या शुक्रवारी तिने काउंटरवरून बुडबुड्यांची वाइन घेतली, शॅम्पेन नव्हे पण तिची धाकटी बहीण म्हणावी अशी, आणि सगळ्यांना ग्लास वाटले. मंडळी ग्लास घेऊन पलीकडे पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायच्या टेबलाशी गेली. मालविका एक भरलेला ग्लास आणि उरलेली बाटली घेऊन कोपऱ्यात नेरिसकडे आली.

नेरिस म्हणाली, "मला नको, लव्ह. तुझं अभिनंदन."

मालविकाने ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि एक घोट तरी घे म्हणाली. नेरिसने ग्लास बोटाने थोडा मागे सारला आणि पुन्हा नको म्हणाली, हसून. त्या हसण्यात मालविकाला पंगतीतल्या पाहुणीची लाज दिसली. हे दुसरं 'नको' तिला चांगलं ओळखीचं होतं. ती खाली वाकली, वडील करायचे तसा नेरिसचा हात हातात घेतला, तिच्या बोटांत ग्लास दिला आणि वरून स्वतःची बोटं मिटली. "माझ्यासाठी," ती म्हणाली. "या देशात माझं पहिलं माणूस तू आहेस. तू नाही घेतलीस तर मला गोड लागणार नाही."

नेरिस बराच वेळ त्या ग्लासकडे बघत राहिली. मग प्यायली. घोट घोट नाही, पाणी पितात तशी एका दमात. ग्लास खाली ठेवला आणि बाटलीकडे स्वतःच हात नेला.

मालविकाला काय वाटलं असेल? तिला आनंद झाला. हे तिने मला स्वतः सांगितलं आणि सांगताना तिच्याने माझ्याकडे बघवत नव्हतं. "मला बाबांसारखं वाटलं काकू. म्हटलं, बघा, हवीच होती तिला."

थोड्या वेळाने फिल पूलच्या टेबलाकडून परत आला. नेरिसचा ग्लास बघितला, बाटली बघितली, आणि त्याचा चेहरा उतरला. तो मालविकाला काही बोलला नाही. खुर्चीवरचा नेरिसचा कोट उचलून तिच्या खांद्यावर घातला आणि चल, तुला स्टेशनवर सोडतो म्हणाला. नेरिस उठायला तयार नव्हती. दोघं तिघं आली आणि तिला हळूच बोलत बोलत घेऊन गेली. मालविका तिथेच उभी. तिला वाटलं, माझ्या आनंदाच्या दिवशी हे लोक असं करतात. घरी येऊन अवधूतपाशी तिने फिलवर तोंडसुख घेतलं.

सोमवारी नेरिस आली नाही. मंगळवारी नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. फोन उचलत नव्हती. शेवटी ऑफिसच्या किचनमध्ये फिल चहा करत होता तेव्हा मालविकाने त्याला विचारलं. फिलने किटली खाली ठेवली. नेरिसची दारू सुटून चार वर्षं झाली होती, तो म्हणाला. त्याआधी तिने संसार, गाडी, एक नोकरी, सगळं त्यात घालवलं होतं. मुलीने एकदा तिला बसस्टॉपवरून उचलून आणलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये दारू सोडलेल्यांची आठवड्याला मीटिंग असते तिथे ती जायची, आणि शुक्रवारी मुद्दाम पबात यायची. मला भीती वाटत नाही हे मला दर आठवड्याला बघायचं असतं, असं तिचं म्हणणं. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिला कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

मालविका म्हणाली की मला कुणी सांगितलं नाही.

फिलने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "आम्हाला वाटलं तुला माहीत आहे. तू तिच्याजवळ बसायचीस. आम्हाला वाटायचं तू तिच्यासाठीच पीत नाहीस."

हे ऐकून ती तडक माझ्याकडे आली. भरदुपारी, ऑफिस सोडून. मी पोळ्या करत होते. तिने सगळं सांगितलं आणि मी, मूर्ख बाई, पहिलं काय बोलले तर, अगं एका ग्लासाने काय होतंय. आपल्याकडे हेच म्हणतात ना? आमचे डॉक्टर, म्हणजे माझा नवरा सतीश, आतल्या खोलीत पेपर वाचत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले की अशा माणसाला एकच ग्लास पुरतो, पहिलाच. एवढं बोलून ते परत आत गेले. ते कमी बोलतात, पण असं नको तेव्हा खरं बोलतात.

मालविका स्टुलावर बसली होती. म्हणाली, "काकू, ती दोनदा नको म्हणाली. मी ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. मी ऐकलं आणि मला वाटलं ते खोटं आहे. मी काहून केलं असं?" नागपूरचा 'काहून' तिच्या तोंडी फक्त जीव कासावीस झाला की येतो.

आपण सगळेच असे. समोरच्याच्या मनातलं त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं धरून चालतो आणि त्याला प्रेम म्हणतो. जिलबीच्या बाबतीत ते खपून जातं, फार तर एखाद्याचं पोट बिघडतं. पण मास्तरांनी तिला हे थोडंच शिकवलं होतं की जिलबी सोडून बाकी कशाला ते लावू नकोस. आईशी खोटं बोलल्याबद्दल तिने इतके शनिवार उपास केले. या गोष्टीला कोणता उपास पुरेल असं तिने मला विचारलं, तेव्हा मी तव्यावरची पोळी उलटत राहिले.

तिने ठरवलं की कायरफिलीला जायचं आणि नेरिसच्या मुलीला सांगायचं. नेरिसला नाही, मुलीला. कारण जिने चार वर्षं आईला सांभाळलं तिचे आपण गुन्हेगार आहोत, असं तिला वाटत होतं. अवधूत म्हणाला कशाला, त्यांना कळलं तर आणखी राग येईल, तू मुद्दाम थोडंच केलंस. मालविकाने त्याचं ऐकून घेतलं आणि रविवारी मुगाची खिचडी आणि कढी डब्यात भरून ट्रेनमध्ये बसली. वाटभर इंग्रजीतलं एकच वाक्य घोकत होती, की ती नको म्हणत होती आणि मी तिच्या हातात दिली. शब्द मागेपुढे करून बघत होती. कसंही केलं तरी ते वाक्य तेच राहत होतं.

दार मुलीने उघडलं. तिचं नाव बेथन. पंचविशीची, वृद्धाश्रमात कामाला होती, निळा युनिफॉर्म अंगावर, डोळ्यांखाली काळं. हिला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा सैल झाला. आईला ती वेल्श रीतीने 'मॅम' म्हणायची.

"तू मॅल ना? मॅम तुझ्याबद्दल सांगते. तू तीच ना, जी पीत नाही?"

मालविकाने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात आतून सोफ्यावरून नेरिसचा आवाज आला, घोगरा, पण अगदी स्पष्ट. "हो, तीच ती. तिने कधी थेंब घेतला नाही. येऊ दे तिला आत."

बेथनने तिला हाताला धरून आत घेतलं आणि घाईघाईने बोलू लागली. तिला कामावर जायचं होतं, आठवडाभर रजा घेऊन घेऊन आता नोकरीवर बेतलं होतं, आणि आईला एकटीला सोडवत नव्हतं. ऑफिसातले लोक फोन करतात, बिचारे चांगले आहेत, पण ती सगळी शुक्रवारी पबात जाणारी माणसं, त्यांना कसं बसवू इथे? त्यातल्याच कुणीतरी मॅमला पाजली, ती म्हणाली, कुणी ते मॅम सांगत नाही. तुझं बरं आहे, तुमच्यात चालतच नाही. माझी शिफ्ट संपेपर्यंत बसशील का?

मालविका सोफ्याकडे बघत होती. नेरिस शालीत गुरफटून बसली होती, केस विस्कटलेले. तिने मालविकाकडे बघून मान हलवली. बोलू नकोस, एवढंच.

आणि मालविका म्हणाली, "बसेन."

बेथन गेल्यावर घरात फक्त हीटरचा आवाज राहिला. मालविकाने खिचडी गरम केली, ताटलीत घालून दिली. नेरिसने दोन चमचे खाल्ले. अजून हवी का, मालविकाने विचारलं. नेरिस नको म्हणाली, आणि मालविकाने ताटली उचलून नेली. मग जवळ येऊन जमिनीवरच बसली आणि ट्रेनमध्ये घोकलेलं वाक्य नेरिसलाच म्हणून दाखवलं. नेरिसने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"ग्लास तू दिलास," ती म्हणाली. "प्यायले मी. दोन्ही खरं आहे, लव्ह. त्यातलं एकही मी पुसणार नाही."

मालविका रडायला लागली. मग बेथनशी खोटं का बोललीस, तिने विचारलं, मला सांगू का दिलं नाहीस.

नेरिस खिडकीकडे बघत होती. "तिला कुणावर तरी विश्वास ठेवू दे," ती म्हणाली. "माझ्यावर ठेवून ठेवून दमलीय ती."

त्या दिवशी नेरिसने दोनदा उठून कपाटापर्यंत जाऊन पाहिलं. कपाटात काही नव्हतं, बेथनने सगळं ओतून टाकलं होतं. दोन्ही वेळा मालविका नुसती तिच्याशेजारी उभी राहिली आणि दोन्ही वेळा दोघी परत येऊन बसल्या. टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम चालू होता. नेरिसला मध्येच झोप लागली तेव्हा मालविकाने तिच्या पायांवर शाल ओढली.

ती तिथून निघाली ती सरळ माझ्याकडे आली, कोटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी बस म्हटलं, ती बसली नाही. चहा ठेवू का म्हटलं, तर नको म्हणाली. मी विचारलं, मुलीला सांगितलंस का शेवटी? ती परत आली तेव्हा तरी?

"ती आली काकू," मालविका म्हणाली. "आई झोपलेली बघून तिला रडूच आलं. म्हणाली, तुझ्यासारखं माणूस मला हवंच होतं, दर रविवारी येशील का. मी हो म्हटलं. मग तिने मला मिठी मारली, घट्ट, लहान मूल मारतं तशी." तिने हातातला रिकामा डबा खाली ठेवला. "आणि मी मारू दिली."